ढाप्यावरची गाडी, डांबरावरचा माणूस

राज्य सरकारने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. या दोन निर्णयांनी तालुक्याच्या गावांतली वर्दळच बदलली. पूर्वी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीला काम निघाले की घरातला कर्ता पुरुष मोटारसायकल काढायचा किंवा काळी-पिवळीत बसायचा. आता दहिवेल, पिंपळनेर, निजामपूर, कासारे या बाजूंच्या म्हाताऱ्या आणि सुना स्वतःच एसटीने येतात. कुणाला तहसील कचेरीत हयातीचा दाखला द्यायचा असतो, कुणाला ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब तपासून घ्यायचा असतो, कुणाचा बँकेत अंगठा जुळत नाही म्हणून पुन्हा पुन्हा खेप पडते. बसस्थानकापर्यंतची त्यांची काळजी सरकारने घेतली. फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर पुढे त्यांनी चालायचे कुठून, हे मात्र कुणीच ठरवलेले नाही.

फुटपाथवर लावलेल्या गाड्यांचा वाद पुण्या-मुंबईच्या बातम्यांत आला की तालुक्यातला वाचक ते पान उलटतो. आमच्याकडे फुटपाथच नाही, तर त्यावर गाडी लागेल कशी, असे तो विचारतो. पण साक्रीसारख्या गावात माणसे रोज कुठून चालतात हे जरा थांबून पाहिले, तर हा वाद इथे शहरापेक्षा जास्त टोकदार आहे हे लक्षात येते.

डांबर संपले की मुरुमाची साइडपट्टी. तिच्या पलीकडे गटार, गटारीवर सिमेंटचे ढापे, ढाप्यांना लागून दुकानाचा ओटा. खानदेशातल्या बहुतेक बाजारपेठांचा काठ असाच आहे. ओट्यावर दुकानदाराचा माल असतो, डांबरावर वाहने धावतात. चालणाऱ्याच्या वाट्याला उरतात ते ढापे आणि साइडपट्टी, मिळून पाच-सहा फुटांची पट्टी. चारचाकीवाला नेमकी हीच पट्टी निवडतो. पुढची दोन चाके ढाप्यावर चढवतो किंवा एका अंगाने गाडी पूर्ण वर घेतो. बोलेरोची रुंदी साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे तिने ही सगळी पट्टी व्यापली. मागून पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला डांबरावर उतरण्यावाचून गत्यंतर नसते. आणि साक्री ज्या रस्त्यावर वसले आहे तो काही गल्लीतला रस्ता नव्हे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३ : हजिरा, सुरत, नवापूर, साक्री, धुळे, जळगाव, नागपूर करत ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा.

ढापा माणसाच्या वजनासाठी ओतलेला असतो. दीड टनाच्या गाडीचे चाक रोज त्यावर चढले की आधी बारीक तडा जातो, मग सळई उघडी पडते आणि एके दिवशी तो गटारीत बसतो. पावसाळ्यात पाणी तुंबले की ते भगदाड दिसत नाही. नवा ढापा टाकायचा खर्च नगरपंचायतीच्या तिजोरीतून होतो. त्या तिजोरीत गाडी नसलेल्याचीही घरपट्टी असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वदच्या आसपास. महाराष्ट्रातल्या एकूण मृत्यूंचा आकडा १५,२२४ होता. यातला प्रत्येक मृत्यू आडव्या लावलेल्या गाडीमुळे झाला असे कुणी म्हणणार नाही. वेग, दारू, अंधार, खराब वळणे ही कारणे आहेतच. पण चालणाऱ्याला भरधाव वाहनांच्या वाटेत कोण ढकलतो, हा प्रश्न त्या कारणांच्या आधीचा आहे, आणि अपघाताच्या पंचनाम्यात त्याला रकाना नसतो. धडक देणाऱ्या ट्रकचा नंबर लिहिला जातो. त्या बाईला डांबरावर उतरवणारी गाडी तोवर निघून गेलेली असते.

खानदेशाने ही गोष्ट एकदा मोठ्या किमतीला अनुभवली आहे. जळगाव शहराच्या मधून हाच महामार्ग जातो. शहर दोन्ही अंगांना वाढत गेले, वसाहती, शाळा, महाविद्यालये उभी राहिली, पण स्थानिक माणसाला चालायला किंवा सायकल चालवायला वेगळी वाट मिळाली नाही. अपघातांत माणसे जात राहिली. अखेर जळगावकरांनी समांतर रस्ते कृती समिती स्थापन केली, २०१८ मध्ये मोठे आंदोलन केले, तेव्हा शहरातल्या पट्ट्याचे काम मार्गी लागले. त्या आंदोलनाची मागणी साधी होती : लांबच्या वाहतुकीचा रस्ता वेगळा आणि गावच्या माणसाची वाट वेगळी. साक्रीत तीच मागणी लहान प्रमाणावर आहे. फरक एवढाच, की जळगावला वाट नव्हती म्हणून लढावे लागले. साक्रीत पाच-सहा फुटांची का होईना, पण वाट आहे, आणि ती रोज थोडी थोडी हातची जाते आहे.

या वादात गाडीवाल्यांचा एक युक्तिवाद मनापासूनचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. तो म्हणतो, “मी गाडी पूर्ण रस्त्यावर उभी केली तर एसटी अडेल, ट्रक अडेल. अर्धी ढाप्यावर घेतली की रस्ता मोकळा राहतो. मी तर सगळ्यांची सोयच बघतो.” बरेच चालक अशी गाडी लावणे हे चांगल्या वळणाचे समजतात. ओट्यावरचा दुकानदारही हात करून सांगतो, “घ्या आप्पा, अजून घ्या वर, येऊ द्या.” यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण सोय कुणाची पाहिली आणि भार कुणावर टाकला, हे तपासायला हवे. रस्ता अडला तर एसटी मिनिटभर थांबेल, चालक हॉर्न वाजवेल, गाडीवाला धावत येऊन गाडी काढेल. गोंगाट होईल, पण तिढा ज्याने केला त्यालाच तो सोडवावा लागेल. गाडी ढाप्यावर घेतली की हॉर्न वाजवणारे कुणी उरत नाही. काठी टेकत येणारी आजी काही न बोलता डांबरावर उतरते, दोन वाहनांच्या मधून वाट काढते आणि पुन्हा वर चढते. तिचा त्रास कुणाच्या कानावर पडत नाही म्हणून तो नसतोच असे सगळे धरून चालतात.

अर्धी गाडी वर, अर्धी खाली, हा प्रकार काही खानदेशाचाच नव्हे. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात तीन अरुंद रस्त्यांवर लोक वर्षानुवर्षे अशाच गाड्या लावत होते आणि पालिका त्याकडे काणाडोळा करत होती. तिथल्या पाच रहिवाशांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. प्रकरण थेट जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेले. ६ जून २०२४ रोजी त्या न्यायालयाने म्हटले, की आपल्या घरासमोरच्या फुटपाथचा वापर गाड्यांमुळे फारच कठीण होत असेल, तर प्रशासनाने कारवाई करावी अशी मागणी करण्याचा हक्क रहिवाशाला आहे. कारवाईचा क्रम ठरवण्याची मोकळीक न्यायालयाने पालिकेला ठेवली, पण हातावर हात धरून बसण्याची ठेवली नाही. लंडनमध्ये फुटपाथवर गाडी लावायला १९७४ च्या कायद्याने बंदी आली. स्कॉटलंडने २०१९ मध्ये कायदा केला आणि ११ डिसेंबर २०२३ पासून तिथल्या नगर परिषदांना दंडाचा अधिकार मिळाला. दंड १०० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास निम्मा. गाड्यांचे कारखाने ज्यांनी आपल्या कितीतरी आधी उभारले, त्या देशांनाही या प्रश्नाला हात घालायला इतकी वर्षे लागली.

भारतात मात्र कायदा नाही म्हणून अडले आहे असे म्हणायची सोय नाही. फुटपाथवर गाडी उभी करायला १९८९ च्या रस्ते नियमांत मनाई होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही ती कायम आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ धोकादायक रीतीने उभ्या केलेल्या वाहनाला लागू होते. कलम १२७ ने असे वाहन उचलून नेता येते. कलम १७७ खालचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने वाढला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १,५०० रुपये असा तो आकारला जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याबद्दल पाच हजारांपर्यंत दंड आहे. उणीव आहे ती ही कलमे हातात घेऊन रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाची. मोठ्या शहरांत निदान वाहतूक शाखा आणि गाड्या उचलणारे पथक असते. तालुक्याच्या पोलीस ठाण्यातले तेच मोजके कर्मचारी बंदोबस्त, तपास, कोर्टाची तारीख आणि यात्रा हे सगळे सांभाळतात. त्यात रस्त्याची मालकी वाटलेली. महामार्गाचा पट्टा एका यंत्रणेचा, आतले रस्ते नगरपंचायतीचे, दंडाचा अधिकार पोलिसांचा. तक्रार घेऊन गेलेला माणूस या तिन्ही दारांतून फिरतो आणि शेवटी तक्रार करायचे सोडून देतो.

“मग गाडी लावायची कुठे?” या प्रश्नाशी येऊन साक्रीतली प्रत्येक चर्चा थांबते. प्रश्न खोटा नाही. तालुका मोठा, डोंगराळ आणि आदिवासी पट्ट्याचा. शेतकरी बियाणे-खते घ्यायला येतो, लग्नाचा बस्ता बांधायला आख्खे घर जीप करून येते. पेठ या गिऱ्हाइकावर जगते आणि ते गाडीनेच येणार. दुकानदाराला भीती असते की दारात गाडी लावू दिली नाही तर गिऱ्हाईक थेट धुळे गाठेल. तरीही जागेचा हिशेब मांडला की या प्रश्नाचे वजन बदलते. एक चारचाकी दारे उघडून नीट उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते. ग्रामीण भागातल्या पंतप्रधान आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. म्हणजे दोन गाड्यांच्या जागेत सरकार एका कुटुंबाचा संसार बसवते. घरकुलाच्या जागेसाठी त्या कुटुंबाला उतारा, ग्रामसभेचा ठराव, यादीतले नाव असे किती उंबरे झिजवावे लागतात हे साक्रीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाजारपेठेतली मोक्याची साडेबारा चौरस मीटर जागा मात्र किल्ली फिरवून गाडी बंद केली की मिळते, दिवसभर, फुकट.

त्यातही त्या गाड्या कुणाच्या असतात हे पाहावे. बाहेरगावचे गिऱ्हाईक तास-दीड तासात काम उरकून जाते. सकाळी नऊला येऊन रात्री आठला निघणारी गाडी बहुधा पेठेतल्याच कुणाची असते : दुकानदाराची, कार्यालयातल्या साहेबाची, नाही तर माडीवर राहणाऱ्याची. गिऱ्हाइकाची जागा खाऊन बसलेली ही गाडी हटली, तर दुकानदाराचाच फायदा आहे. त्या साडेबारा चौरस मीटरमध्ये पाच-सहा मोटारसायकली उभ्या राहतात आणि साक्रीच्या पेठेत येणारे बहुसंख्य गिऱ्हाईक मोटारसायकलवरच येते.

मुळात गाडी ठेवण्याची जबाबदारी गाडी घेणाऱ्याची आहे. जपानने १९६२ मध्येच कायदा केला : घराच्या ठरावीक अंतरात गाडी ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला असल्याखेरीज गाडीची नोंदणी नाही. महाराष्ट्रातही मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे जाहीर केले. घोषणेवर टीका झाली, मध्यमवर्गाने गाडी घ्यायचीच नाही का, असेही विचारले गेले. पण जी वस्तू ठेवायला आपल्याकडे जागा नाही ती दुसऱ्याच्या चालण्याच्या वाटेवर ठेवण्याचा हक्क कुठून येतो, याचे उत्तर त्या टीकेत नव्हते. इमारतींचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नगरपंचायतींनाही लागू आहे. नव्या इमारतीत किती गाड्यांची सोय हवी याचे कोष्टक तिच्यात आहे. नकाशात तळमजल्यावर वाहनतळ दाखवायचा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की तिथे गाळे काढायचे, हा प्रकार जळगावच्या व्यापारी संकुलांनी करून दाखवला आहे आणि तिथल्या महापालिकेला त्यावरून नोटिसा काढाव्या लागल्या. एकदा भिंती उठल्या, गाळे भाड्याने गेले, की नोटीस निरुपयोगी ठरते. साक्रीत अजून बरेच बांधायचे आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना अभियंत्याने वाहनतळ प्रत्यक्ष जाऊन पाहणे, हे बिनखर्चाचे आणि सगळ्यात परिणामकारक काम ठरेल.

पुण्याचा अनुभव दोन्ही अंगांनी उपयोगी आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचे नवे आरेखन सुरू झाले. फुटपाथ ऐसपैस झाले, झाडाखाली बाके आली, गाड्यांना आखून दिलेल्या जागा मिळाल्या. तिथे आज म्हातारी माणसे निवांत चालतात. मात्र २०१८ मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला दर लावणारे धोरण आले तेव्हा विरोध उसळला, धोरण मोजक्या रस्त्यांपुरते आक्रसले आणि अमलात न येताच पडून राहिले. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच शहरात एरंडवण्यातल्या एका वयस्कर बाई फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकींपुढे आडव्या उभ्या राहिल्या आणि त्यांना मागे फिरवले. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली, बाईंचे कौतुक झाले. ज्या कामासाठी पगारी यंत्रणा आहे ते काम एका वृद्धेला स्वतःचे शरीर आडवे घालून करावे लागले, याची लाज मात्र त्या कौतुकात फारशी दिसली नाही.

मुंबईने दंडाचा दुसऱ्या टोकाचा प्रयोग केला. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा लावलेल्या गाडीला पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड जाहीर केला. गाजावाजा झाला आणि पुढे रकमा खाली आणाव्या लागल्या. तालुक्याच्या गावाला असल्या आकड्यांची गरज नाही. पाचशे रुपयांचा दंड रोज, ठरलेल्या रस्त्यावर, ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला झाला तर महिनाभरात फरक दिसेल. अडचण ओळखीची आहे. साक्रीत प्रत्येक जण कुणाचा तरी भाचा, मेहुणा, वर्गमित्र असतो. पावती फाडायला निघालेल्या हवालदाराला दोन मिनिटांत फोन येतो. म्हणून मोबाइलवर गाडीचा फोटो काढून निघणारे ई-चलान अशा गावांसाठी फार मोलाचे. त्यात वादावादीला वाव कमी राहतो आणि भिडेलाही.

इथे लोटगाड्यांचा विषय निघतोच आणि तो टाळू नये. अतिक्रमण हटाव मोहीम निघाली की सगळ्यात आधी केळीची लोटगाडी उचलली जाते, भाजीची पाटी हलते. शेजारी दिवसभर उभ्या असलेल्या चारचाकीला कुणी हात लावत नाही. धुळ्याचा आग्रा रोड आणि पाच कंदील परिसर या मोहिमांचा कायमचा साक्षीदार आहे. वाट अडते ती दोघांमुळेही, हे खरे. पण दोघांचे कायद्यातले स्थान एक नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती आणि हलवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस यांची तरतूद आहे, कारण तिथे पोटाचा प्रश्न आहे. फुटपाथवर उभ्या गाडीला असे संरक्षण देणारा कोणताही कायदा नाही.

या फरकाची मुळे १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यापर्यंत जातात. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हुसकावण्याची मोहीम सरकारने उघडली होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल देताना उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामील केला. मात्र त्याच निकालात असेही म्हटले, की फुटपाथ ये-जा करणाऱ्यांसाठी आहे आणि कुणालाही तो खासगी वापरासाठी अडवता येणार नाही. झोपड्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा उलटेपर्यंत, हलवू नयेत एवढी सवलत दिली. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्यांनाही जी वाट कायमची अडवू दिली गेली नाही, ती चार लाखांची वा चौदा लाखांची गाडी अडवून बसते आणि यंत्रणा बघत राहते. हे अन्यायाचे आहे, आणि ते तसे म्हटले गेले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे आणखी स्पष्ट भूमिका घेतली. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी दाखल केलेल्या याचिकेत १४ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी सांगितले, की फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, फुटपाथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत आणि त्यांवरची अतिक्रमणे काढलीच पाहिजेत. त्याच याचिकेत ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी राज्यांना सहा महिन्यांत नियम करायला सांगितले आणि पन्नास शहरांतल्या फुटपाथांच्या तपासणीचा आदेश दिला. ती पन्नास शहरे मोठी आहेत. त्यांत साक्रीचा नंबर येणार नाही. पण घटनेचा अनुच्छेद लोकसंख्या पाहून लागू होत नाही, आणि वरून पथक येण्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही.

खानदेशाला आखीव गाव परके नाही. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले तेव्हा नवे गाव सरळ, रुंद रस्त्यांनी आखले गेले. धुळ्याच्या क्रमांकांच्या गल्ल्या त्या आखणीची आठवण देतात. आणि सामायिक गोष्ट नियमाने वाटून घेण्याचे शहाणपण तर साक्रीच्या मातीतच आहे. पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धतीने पाणी वाटले गेले : एका फडात एक पीक, पाण्याची पाळी ठरलेली, तिच्यावर नजर ठेवायला पाटकरी. याच तालुक्यात दातर्तीजवळ तरुण विश्वेश्वरय्यांनी पाण्याचा सायफन बांधला होता. पाटात आपला दगड टाकून खालच्याचे पाणी तोडणारा गावात मान वर करून फिरू शकत नसे. बाजारपेठेतली पाच-सहा फुटांची पट्टी त्या पाटासारखी आहे. तिची पाळी ठरवता येते : सकाळी दहापर्यंत माल उतरवायला टेम्पो, नंतर तासाभरापुरती गिऱ्हाइकाची गाडी डांबराच्या कडेला आखलेल्या चौकटीत, रिक्षा आणि काळी-पिवळीला पक्का थांबा, लोटगाड्यांना ठरलेली जागा. चालणाऱ्याचा पट्टा मात्र चोवीस तास मोकळा.

इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचारी सुविधांचे मापदंड सांगतात, की चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरहून जास्त नको. आपल्याकडे ठेकेदार तो हात-हात उंच बांधतात, मग गुडघेदुखीची माणसे त्यावर चढतच नाहीत. साक्रीच्या अरुंद पेठेत दोन्ही बाजूंना १.८ मीटर निघणार नाही. तिथे एका बाजूला तरी सलग पट्टा धरावा, तुटक नको. कडेला १.२ मीटर अंतराने खांब रोवले की चाकाची खुर्ची जाते आणि चारचाकी अडते. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी बाजार समितीचे आवार, आठवडे बाजाराची जागा इतर दिवशी, शासकीय कार्यालयांची आवारे यांचा विचार व्हावा आणि पहिल्या तासानंतर तिथे थोडे का होईना भाडे घ्यावे.

नगरपंचायतीचा अर्थसंकल्प दर वर्षी फेब्रुवारीअखेरपर्यंत मंजूर होतो. सतरा नगरसेवकांच्या सभेत यासाठी एक ठराव आणि एक लेखाशीर्ष पुरते. ग्रामीण रुग्णालयाच्या रस्त्याला पहिला क्रमांक द्यावा, कारण तिथे येणाऱ्यांत काठी टेकणारे, पोटुशी बायका आणि तापलेले लेकरू कडेवर घेतलेल्या आया असतात. दुसरा शाळांच्या रस्त्याला, तिसरा बसस्थानक ते तहसील कचेरी या वाटेला. जो पट्टा महामार्गाच्या हद्दीत येतो त्यासाठी महामार्ग यंत्रणेला ठरावाची प्रत द्यावी आणि ई-चलानच्या नियमित फेरीसाठी दुसरी प्रत धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांना. आणि ज्या दिवशी रेषा आखली जाईल त्या दिवशी तिच्या आत उभी असलेली पहिली सरकारी गाडी, मग ती कोणत्याही साहेबाची असो, तिलाही पाचशे रुपयांचे चलान निघावे. पेठेतले बाकीचे लोक त्यावरूनच आपली गाडी कुठे लावायची ते ठरवतील.